ख्रिस्ती मंडळीचा उपवासकाळ : एका सामुदायिक व्रताची मराठी रूपे

पुनरुत्थानाच्या सणापूर्वी येणाऱ्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती व्रतास मराठीत सर्वमान्य असे एक नाव नाही. वसई परिसरातील कॅथलिक समाजात ‘उपवासकाळ’ आणि ‘प्रायश्चित्तकाळ’ ही दोन्ही नावे चालतात. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व पुणे या भागांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘लेंत’ हा इंग्रजी शब्द उच्चाराने मराठी होऊन बसला आहे. गोव्याच्या कोकणीत पोर्तुगीजांकडून आलेला ‘कोरेज्म’ रूढ आहे. ही भिन्नता केवळ भाषिक नव्हे. ‘कोरेज्म’चे मूळ चाळीस ही संख्या सांगणाऱ्या लॅटिन शब्दात आहे. ‘लेंत’चा मूळ अर्थ दिवस मोठे होऊ लागण्याचा ऋतू, म्हणजे वसंत, एवढाच होता. ‘उपवासकाळ’ हा शब्द कृतीवर बोट ठेवतो, ‘प्रायश्चित्तकाळ’ त्या कृतीच्या हेतूवर. संख्या, ऋतू, कृती आणि हेतू ही चार अंगे अशा रीतीने नावांत आली. परंतु या व्रताचा कर्ता कोण, हे यांपैकी एकाही नावावरून कळत नाही.

आणि प्रश्न नेमका तोच आहे. महाराष्ट्रात व्रत म्हटले म्हणजे ते धरणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. आषाढी एकादशीचा उपास लक्षावधी लोक एकाच दिवशी करतात हे खरे. तथापि तो ज्याचा त्याचा नेम असतो, आणि तो मोडला तर दोषही ज्याचा त्याला लागतो. ख्रिस्ती उपवासकाळाची घडण याहून काहीशी वेगळी आहे. येथे व्यक्ती उपवास करते. परंतु काळ पाळते ती मंडळी. मराठी प्रॉटेस्टंटांनी ख्रिस्ती समुदायासाठी ‘मंडळी’ हा घरगुती शब्द निवडला. त्यात आप्तेष्ट, घरची माणसे, समोर बसलेले श्रोते असे सगळेच अर्थ मिसळलेले असल्यामुळे प्रस्तुत विषयासाठी तो विशेष सोयीचा आहे.

प्रथम काळाची गणना पाहू. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस होय. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. ही पौर्णिमा चर्चने कोष्टकांनी बसविलेली असल्यामुळे आकाशातील पौर्णिमेशी तिचा एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. त्या रविवारापासून ४६ दिवस मागे गेले म्हणजे राखेचा बुधवार येतो, आणि मधले सहा रविवार उपवासाचे दिवस म्हणून धरीत नसल्यामुळे बाकी ४० उरतात. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचे स्मरण असल्याने त्या दिवशी उपवास करावयाचा नाही, हा दंडक जुना आहे.

या गणितातून मराठी वाचकास रोचक वाटेल असा एक निष्कर्ष निघतो. ख्रिस्ती गणनेची पौर्णिमा बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमा असते. मग तिच्या आधीची फाल्गुनी पौर्णिमा राखेच्या बुधवारानंतर साधारण दहा ते सोळा दिवसांनी येते. काही वर्षी फाल्गुनी पौर्णिमाच २१ मार्चच्या पुढे जाते, आणि मग ती ख्रिस्ती गणनेचीही पौर्णिमा ठरते. २०२४ साली होळी २४ मार्चला, म्हणजे झावळ्यांच्या रविवारीच आली, आणि धुळवड पवित्र सप्ताहातील सोमवारी. दोन्ही प्रकारांत होळी उपवासकाळाच्या बाहेर जात नाही. महाशिवरात्रही बहुतेक वर्षी राखेच्या बुधवाराच्या मागेपुढे असते. २०२६ साली ती १५ फेब्रुवारीला आली आणि राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला.

ही केवळ पंचांगातील गंमत नाही. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील लोणी-धामणीचा कमी पावसाचा टापू घ्यावा. धामणीच्या खंडोबाची यात्रा माघी पौर्णिमेस भरते, त्यानंतर शिवरात्र, मग शिमगा, धुळवडीचे मटण, रंगपंचमी, आणि चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा व लग्नसराई. रब्बीचे पीक घरात आलेले, विहिरींचे पाणी अद्याप पुरते आटलेले नाही. मराठी शेतकऱ्याच्या वर्षात पाहुणचाराचा काळ तो हाच. नेमक्या याच आठवड्यांत ख्रिस्ती कुटुंबाने गाणे-बजावणे, मांसाहार आणि लग्नकार्य यांपासून दूर राहावे, अशी अपेक्षा असते. युरोपात ज्या ऋतूत कोठारे रिकामी होत आलेली असत, त्याच ऋतूत दख्खनमध्ये ती भरलेली असतात. तिकडे निसर्गाने निम्मे काम केलेल्या या व्रतास इकडे शेजाऱ्याच्या भरल्या ताटासमोर उभे राहावे लागते. एकट्या माणसाचे ‘मी आज खात नाही’ हे वाक्य अशा वेळी उद्धटपणाचे ठरू शकते. ‘आमचा उपासाचा काळ चालू आहे’ हे कोणत्याही मराठी यजमानास समजते. सामुदायिकतेचे पहिले कार्य इतके साधे आहे.

इतिहासात डोकावले तर असे दिसते की हे व्रत आरंभीही कोणा एकट्याचे नव्हते, आणि मुख्यतः स्वतःसाठीही नव्हते. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ‘दिदाखे’ या नियमग्रंथात बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपवास करावा, बाप्तिस्मा देणाऱ्यानेही करावा, आणि ज्यांना शक्य असेल अशा इतरांनीही करावा, असा संकेत आढळतो. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर हाही नवदीक्षितांबरोबर मंडळी उपवास व प्रार्थना करते असे नमूद करतो. म्हणजे मंडळीत नव्याने येणाऱ्या माणसाला सोबत करणे, हे या उपवासाच्या मुळांपैकी एक होय. ३२५ सालच्या नायसिया येथील परिषदेच्या पाचव्या नियमात चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख सहजगत्या येतो. त्या वेळेपावेतो तो परिचित झाला असला पाहिजे. दुसरे मूळ प्रकट प्रायश्चित्ताचे. ज्यांच्या गंभीर अपराधांची जाहीर वाच्यता झाली असेल अशांना या काळाच्या आरंभी मंडळीपासून वेगळे करीत, आणि पवित्र सप्ताहात पुन्हा सामावून घेत. राख ही मुळात अशा प्रायश्चित्तकर्त्यांची खूण होती. कालांतराने सामान्य भाविकही आपण होऊन ती लावून घेऊ लागले, आणि १०९१ साली बेनेव्हेंतो येथील धर्मसभेने सर्वांनीच ती घ्यावी असे ठरविले. अपराध्याला वेगळे काढणारी खूण सर्वांनी स्वतःच्या कपाळी लावली, यात त्या माणसाचे वेगळेपण पुसले गेले. या स्थित्यंतराचे महत्त्व धर्मशास्त्राइतकेच समाजशास्त्राच्या दृष्टीनेही मोठे आहे.

तथापि या सामुदायिकतेच्या पोटात एक जुना विरोध आहे. राखेच्या बुधवारी वाचला जाणारा शुभवर्तमानाचा उतारा मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील आहे. उपवास करणाऱ्याने तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, आपला उपवास लोकांच्या नजरेस येऊ देऊ नये, असा त्याचा आशय. हा उतारा ऐकून झाल्यावर त्याच उपासनेत कपाळावर राख लावली जाते, आणि ती लावून लोक बाजारातून, आगगाडीतून, कचेरीत जातात. हा विरोध शतकानुशतके धर्मगुरूंच्या ध्यानात आहे. त्याचे एक उत्तर असे दिले जाते की राख ही उपवासाची नव्हे, मर्त्यतेची खूण आहे. उत्तर पूर्ण समाधान करणारे नाही. गुप्त व्रत आणि प्रकट काळ यांची ओढाताण या परंपरेच्या प्रकृतीतच आहे. पुढे पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाचे दोन भाग झाले ते अनेक कारणांनी. परंतु झुरिकमधील फुटीची पहिली ठिणगी पडली ती १५२२ साली एका छापखान्यात उपवासकाळात खाल्लेल्या सॉसेजवरून, हे विसरता येत नाही. झ्विंग्लीने त्या खाणाऱ्यांची बाजू घेतली. अन्नाची निवड ही प्रत्येकाच्या विवेकबुद्धीची बाब आहे, मंडळीने ती कायद्याने बांधू नये, हे त्याचे म्हणणे होते.

मराठी ख्रिस्ती समाजात या दोन्ही परंपरा आल्या, आणि दोन वेगळ्या वाटांनी आल्या : एक समुद्रकाठाने, दुसरी घाटमाथ्यावर.

किनाऱ्यावरची परंपरा पोर्तुगीज राजवटीतील. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. मराठी ओवीत रचलेला आणि रोमन लिपीत छापलेला हा ग्रंथ चर्चांतून रविवारी व सणावारी वाचला जात असे. त्याच्या दुसऱ्या भागात येशूच्या दुःखभोगाचे सविस्तर कथन आहे. उपवासकाळाच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचा ग्रंथ आहे तो फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमराइंश या धर्मगुरूचा. त्याचे दुःखभोगावरील पुराण १६५९ साली लिस्बन येथे छापले गेले. त्याची भाषा उत्तर कोकणातील बोलीच्या जवळची आहे, आणि साष्टी, वसई व मुंबई या भागांतील ख्रिस्ती घरांतून ते उपवासकाळात म्हटले जात असे, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी केली आहे. मराठी वाङ्मयेतिहासात स्टीफन्सला मिळालेले स्थान सर्वस्वी योग्य आहे. त्याच्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यात सिद्ध केली, तेव्हापासून तो मराठी विद्यार्थ्याच्या हाती आला. गिमराइंशला तसा संपादक लाभला नाही. काव्यगुणांत तो स्टीफन्सच्या पंक्तीस बसणार नाही. पण ग्रंथ घरात गेला, आणि वर्षातील एका ठराविक ऋतूशी बांधला गेला, हे भाग्य त्याचे.

चातुर्मासात पोथी लावण्याची चाल ज्या समाजात रुजलेली होती, त्या समाजातून आलेल्या कुटुंबांना उपवासकाळात पुराण लावणे परके वाटले नसावे. वाचणारा एक, ऐकणारी दहा घरे. काही भाग पाठ, काही भाग सुरावर. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर उत्तर कोकणातील बहुतेक प्रदेशातून पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्याबरोबर तिचे धर्मगुरूही मोठ्या संख्येने गेले. ख्रिस्ती वस्त्या मात्र राहिल्या. अशा काळात परंपरा टिकण्यास घरांतून व क्रुसांपाशी होणाऱ्या सामूहिक पठणाचा हातभार मोठा असला पाहिजे.

आजच्या वसईत (१९९८ पासून हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे) उपवासकाळ दिसतो तो प्रथम अभावांतून. वेदीवरील फुले जातात, पुरोहिताचे वस्त्र जांभळे होते, मिस्सेतील गौरवगीत आणि ‘आलेलुया’ थांबतात, वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती राहतात. लग्ने थांबतात, राखेच्या बुधवारापूर्वीच्या आठवड्यांत मांडवांची जी गर्दी होते तिचे कारण हेच. ज्या समाजात लग्न हा सर्वांत मोठा सामुदायिक आनंद आहे, तेथे लग्नाचा अभाव ही सर्वांत ठळक सामुदायिक खूण ठरते. अन्नाचा नियम त्या मानाने गुळगुळीत आहे. चर्चचा निर्बंध मांसावर आहे, मासळीवर नाही. भूमध्य सागराच्या आतील मुलखातल्या माणसाला मासळी हे गरिबाचे खाणे वाटले असेल. वसईच्या कोळ्याला बोंबील-पापलेट खाऊन मांस वर्ज्य केल्याचे श्रेय घ्यावयास सांगणे म्हणजे थोडा विनोदच आहे. म्हणूनच मासळीदेखील आपण होऊन सोडणारी घरे आढळतात, आणि त्यांच्या बाबतीत स्थानिक समज नियमाच्या पुढे गेलेली असते.

१९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे कायदे पुष्कळच सैल केले. बंधनकारक उपवासाचे दिवस दोनच राहिले, राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार. पुढे १९८३ च्या धर्मसंहितेने मांसवर्जनासाठी वय चौदा पूर्ण, आणि उपवासासाठी अठरा ते एकोणसाठ अशी मर्यादा ठरविली. उपवास म्हणजे दिवसाकाठी एक पूर्ण जेवण व दोन वेळा अल्प आहार. उपासाच्या पदार्थांची वेगळी यादी येथे नसल्यामुळे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीस वाव कमी, एवढे म्हणता येईल. कायदा सैल झाला तेव्हा व्रत ढिले पडेल अशी भीती अनेकांनी व्यक्त केली होती. घडले ते थोडे निराळे. अन्नाचा भार कमी झाला तसा एकत्र येण्याचा भार वाढला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान संमत केले आणि लोकभाषेस वाट मोकळी झाली. त्यानंतर शुक्रवारची ‘क्रुसाची वाट’ मराठीत, आणि पुष्कळदा चर्चच्या भिंतींबाहेर वाड्यावस्त्यांतून होऊ लागली. या भक्तीच्या चौदा स्थानांची संख्या १७३१ साली निश्चित झाली. एकेका स्थानापाशी एकेका आळीने वाचन करावयाचे, क्रूस पुढच्या आळीच्या हाती द्यावयाचा, अशी वाटणी केली म्हणजे एरवी फक्त ऐकणारी माणसे कर्ती होतात. कायद्याने व्यक्तीच्या जेवणावरील हात काढून घेतला, आणि ती मोकळी जागा समुदायाच्या चालण्याने भरली.

घाटमाथ्यावरची कथा याच्या उलट क्रमाने जाते. कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नर आणि पुढे अहमदनगर ही वाट प्राचीन व्यापाराची. एकोणिसाव्या शतकात या टापूत प्रॉटेस्टंट मिशनांची केंद्रे झाली. जुन्नरला चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते. ती अँग्लिकन, पण सुवार्तावादी पक्षाची. तिच्या प्रार्थनापुस्तकात राखेच्या बुधवाराची उपासना होती, प्रार्थना होत्या. राख मात्र नव्हती, कारण इंग्लंडमध्ये ती १५४८ सालीच बंद झाली होती. अहमदनगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होते, आणि त्याचे संस्थापक न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. त्या परंपरेने रविवाराखेरीज सर्व सणवार शास्त्राधार नाहीत म्हणून टाकले होते. नाताळाविषयीदेखील तिला संशय असे. त्यामुळे नगर जिल्ह्यातील पहिल्या मराठी मंडळ्यांना बायबल मिळाले, शाळा मिळाल्या, गायने मिळाली. उपवासकाळ मिळाला नाही. त्यांच्या वर्षाला सामुदायिक प्रार्थनेचा एक आठवडा होता तो जानेवारीत. लुधियानाच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८५८ साली केलेल्या आवाहनातून तो निघाला आणि १८६० पासून जगभरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पसरला. पुण्यात मात्र काउली फादर नावाने ओळखल्या जाणाऱ्या अँग्लिकन संघाने पंचहौद येथे काम चालविले. तेथे जुन्या कॅथलिक चालीरीतींना मान होता. १८९० च्या चहाच्या प्रकरणाने पंचहौद मराठी इतिहासात गाजले. तेथील उपासनाक्रमाची दखल मात्र इतिहासकारांनी फारशी घेतली नाही.

नगर-पुण्याच्या या मंडळ्यांत पुढे जे लोक मोठ्या संख्येने आले ते मुख्यतः महार व मांग समाजांतून, आणि १८७६–७७, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांच्या आगेमागे. येथे उपवासाचा प्रश्न शास्त्रार्थाच्या बाहेर पडतो. मराठीत ‘उपाशी राहणे’ आणि ‘उपास धरणे’ हे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. दोघांचे मूळ एक; पण पहिल्यात माणसाची इच्छा नसते, दुसऱ्यात तीच सर्व काही असते. ज्याच्या घरी निम्मे वर्ष ‘उपाशी राहणे’ चालते, त्याला ‘उपास धरा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? प्युरिटन मिशनऱ्यांनी उपवासकाळ आणला नाही तो सिद्धांतापायी; परंतु त्या परिस्थितीत तो न आणणेच माणुसकीला धरून होते, असे म्हणावेसे वाटते. उलट बाजूही आहे. उपास धरण्याची सवड ही प्रतिष्ठेची खूण असते. ज्यांच्या उपाशीपणाला गावाने कधी व्रताचा मान दिला नाही, त्यांच्या मुला-नातवंडांनी पुढे आपण होऊन उपवासकाळ स्वीकारला असेल, तर त्यात केवळ अनुकरण पाहणे अपुरे ठरेल.

तो त्यांच्यात आला तो हळूहळू. या मंडळ्या १९२४ साली स्थापन झालेल्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत सामील झाल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्ट (ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन शाखा) आणि डिसायपल्स या परंपरांसह त्या उत्तर भारताच्या चर्चमध्ये विलीन झाल्या. उपवासकाळ पिढ्यान्‌पिढ्या पाळणारे आणि तो कधीच न पाळलेले, असे दोघेही एकाच धर्माध्यक्षाच्या छत्राखाली आले. समान पंचांग, समान वाचने आणि जांभळे वस्त्र यांनी लेंतला अधिकृत जागा मिळाली. सर्व गोष्टी मात्र सारख्या रुजल्या नाहीत. राखेबद्दल अद्याप ठिकठिकाणी वेगळी मते आहेत. प्युरिटन वळणाच्या जुन्या घरांना ती ‘रोमी’ वाटते, आणि आजूबाजूला भस्म-विभूती लावण्याची चाल असल्यामुळे कपाळावरील खुणेकडे संशयाने पाहणारेही असतात. याउलट दोन गोष्टी अशा रुजल्या की त्या मूळच्याच वाटाव्यात.

पहिली गोष्ट घरोघरच्या प्रार्थनांची. लेंतमध्ये आठवड्यातील एका किंवा अधिक संध्याकाळी मंडळी पाळीपाळीने एकेका कुटुंबाच्या घरी जमते; ‘कॉटेज’ या इंग्रजी शब्दाने ती ओळखली जाते, जरी घर चाळीतील एका खोलीचे असले तरी. गायन, वाचन, थोडा बोध, त्या घरातील आजाऱ्यासाठी वा परीक्षार्थीसाठी प्रार्थना, आणि शेवटी चहा. या चहाचे महत्त्व कमी लेखू नये. ज्या घरी एरवी कोणी जात नाही, त्या घरी पाळी आली म्हणजे सबंध मंडळीस जावे लागते. भांडणाने दुरावलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाच्या दारात दुसऱ्याने चपला काढाव्यात, असा प्रसंग उपवासकाळातील यादीच घडवून आणते. प्राचीन मंडळीतील प्रकट प्रायश्चित्ताचे जे कार्य होते, वेगळे पडलेल्यास परत आणण्याचे, ते येथे वेगळ्या मार्गाने साधते. गायनाला भजनाची चाल, झांजा आणि पेटी यांची जोड असते. अहमदनगरला कृष्णरत्न सांगळे (१८३४–१९०८) यांनी १८६० नंतरच्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात केली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजनाला जे मराठी वळण दिले, त्याचा वारसा अशा घरगुती बैठकींत चर्चपेक्षा अधिक मोकळेपणाने वावरतो.

दुसरी गोष्ट उत्तम शुक्रवारची. दुपारी बारा ते तीन या वेळात वधस्तंभावरील येशूच्या सात उद्गारांवर सात प्रवचने होतात. कोठे सातही पाळकच देतात. पण अनेक ठिकाणी ती मंडळीतील शिक्षक, परिचारिका, तरुण मुलगा, वृद्ध बाई अशा सातजणांत वाटली जातात. चर्च एरवी कधी नसते इतके भरते. कॅथलिकांच्या विधींवर रोमीपणाचा आक्षेप घेणाऱ्या घरांनाही ही उपासना अस्सल प्रॉटेस्टंट वाटते. प्रत्यक्षात तिचा उगम पेरू देशातील लिमा येथे आलोन्सो मेसिया या येशूसंघीयाने १६८७ च्या भूकंपानंतरच्या काळात सुरू केलेल्या भक्तीत आहे. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडच्या अँग्लिकनांत आली आणि तेथून पुढे इतर पंथांत. स्टीफन्सच्याच संघातील एका धर्मगुरूची रचना दक्षिण अमेरिका आणि इंग्लंड असा फेरा करून दख्खनच्या प्युरिटन मंडळ्यांत पोचली, आणि तेथे ती स्वीकारली गेली, कारण तिच्यात राख, प्रतिमा वा मिरवणूक नाही. केवळ शब्द आहे. प्रवचनावर पोसलेल्या मंडळीला प्रवचनाचेच व्रत मानवले.

उपवासातून वाचलेले दुसऱ्याला द्यावे, हा विचार दोन्ही वाटांवर सारखा आहे, आणि तो प्राचीनही आहे. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात अन्यायाच्या बेड्या सोडणे आणि भुकेल्याला अन्न देणे हाच खरा उपवास असल्याचे प्रतिपादन आहे. विसाव्या शतकात त्याला संघटित रूप आले. जर्मनीत १९५९ च्या उपवासकाळात ‘मिझेरेओर’ या नावाने धर्मग्रामांतून भुकेविरुद्ध निधी गोळा होऊ लागला. भारतातील कॅथलिक चर्चची कारितास इंडिया ही संस्था १९६२ साली स्थापन झाली. तिची भूक व रोग यांविरुद्धची मोहीमही उपवासकाळाशी जोडलेली आहे. घरातील मुलांना कागदी डबी द्यावयाची, चाळीस दिवस तीत नाणी टाकावयाची आणि पवित्र सप्ताहात ती चर्चमध्ये आणावयाची, ही पद्धत अनेक पंथांत दिसते. जुन्या मंडळ्यांत मूठमूठ धान्य बाजूस काढण्याची चाल होती. तिचे हे नगदी रूप म्हणता येईल. मुठीच्या धान्यात देणाऱ्याच्या भुकेचे माप असे. नाण्यात ते राहतेच असे नाही.

एक अडचण मात्र पंचांगातूनच येते, आणि ती दख्खनपुरती विशेष आहे. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ज्या मंडळीतील कुटुंबे ऊसतोडीस जातात, तिचा उपवासकाळ निम्म्या मंडळीच्या गैरहजेरीत जातो. राखेच्या बुधवारी ती माणसे फडात असतात. पुनरुत्थानाचा रविवार मार्चच्या अखेरीस आला तर त्या दिवशीही फडातच. तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आला, तर पवित्र सप्ताहापुरती ती गावी परतलेली असतात. अशा ठिकाणी पाळकाला चाळीस दिवस एका आठवड्यात बसवावे लागतात : घरोघरची प्रार्थना रोज, कीर्तन रात्री, उत्तम शुक्रवारच्या सात प्रवचनांपैकी एखादे नुकत्याच परतलेल्या तरुणाकडे. २०२५ साली पुनरुत्थानाचा दिवस २० एप्रिलला होता, २०२४ साली ३१ मार्चला. एकाच गावच्या मंडळीच्या हजेरीपटावर या दोन वर्षांचा फरक कसा पडला, हे पाहण्यासारखे आहे. आणि मंडळ्यांच्या कार्यवृत्तांच्या वह्या, वर्गणीच्या यादी व घरप्रार्थनांच्या पाळ्यांचे कागद ही साधने त्यासाठी अद्याप हाताशी आहेत.